अडकलेल्या १,०६० रुपयांपायी गेलेले ३८,४५० रुपये

माझी आई सोलापुरात विड्या वळते. घरचा गॅस उज्ज्वला योजनेतून तिच्याच नावावर मिळालेला असल्यामुळे मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतील वर्षाला तीन सिलिंडरांचा लाभही तिला मिळायला हवा होता. केंद्राचे ३०० रुपये नियमित जमा होत होते, परंतु राज्याकडून सिलिंडरमागे येणारे ५३० रुपये दोन वेळा आलेच नाहीत. त्यासाठी मी एजन्सीत तीन खेपा घातल्या आणि तिन्ही वेळा ‘येतील’ एवढेच उत्तर मिळाले.

अशा स्थितीत १८ फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी फोन आला. बोलणाऱ्याने आईचे पूर्ण नाव, ग्राहक क्रमांक आणि शेवटचा सिलिंडर कधी घेतला ती तारीखही बिनचूक सांगितली. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ग्राहकाची ओळख पटवणे, अपुरी असल्यामुळे १,०६० रुपये अडकले आहेत आणि आजच्या आज ती केली नाही तर कनेक्शन बंद होईल, असे तो म्हणाला. जी माहिती फक्त एजन्सीच्या वहीत असते ती ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर मी अविश्वास कसा दाखवणार होतो?

पुढचे सर्वांना माहीत असलेलेच आहे. व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, आली, ती मी मोबाइलवर घेतली आणि तिने मागितलेली एसएमएस वाचण्याची परवानगी दिली.

मला आजही झोपू देत नाही तो क्षण त्यानंतरचा आहे. आईचे खाते आधारशी जोडलेले नाही, म्हणून रक्कम तुमच्या खात्यावर वळवतो, तुमच्या डेबिट कार्डाचा तपशील भरा, असे तो म्हणाला. त्या वेळी आईचे पासबुक माझ्या हातात उघडे होते आणि त्यात जानेवारीत जमा झालेल्या ३०० रुपयांची नोंद स्पष्ट दिसत होती. आधारशी न जोडलेल्या खात्यात ते अनुदान आले कसे, हा एक प्रश्न मी विचारला असता तर सगळे तिथेच संपले असते. मी यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितो, नोंदी ताडून पाहणे हेच माझे काम आहे, आणि तरीही मी ती नोंद पाहून पासबुक मिटले आणि कार्डाचा तपशील भरला. अनुदान लाभार्थीच्याच खात्यात जाते, मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या खात्यावर ते कोणीही वळवू शकत नाही, हे कृपा करून घरातल्या प्रत्येकाला सांगा.

अकरा मिनिटांत ९,९००, १९,५०० आणि ९,०५० रुपये गेले. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शुल्कासाठी ठेवलेले ते ३८,४५० रुपये होते. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही. तो त्या फाइलनेच परस्पर वाचला.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० हा क्रमांक चाळीस मिनिटांनी लागला. पोलीस ठाण्याने सायबर शाखेकडे पाठवले, सायबर शाखेने बँकेचा शिक्का असलेला खातेउतारा मागितला, बँकेने आधी गुन्हा नोंदवल्याची प्रत आणा म्हणून परत पाठवले, आणि या फेऱ्यांत माझे चार दिवसांचे रोजगार बुडाले. अखेर बँकेने कळवले की कार्डाचा तपशील ग्राहकाने स्वतः दिला असल्यामुळे नुकसान त्याचेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तशी तरतूद आहे हे मी मान्य करतो. परंतु तक्रार नोंदवल्यानंतरच्या व्यवहारांची जबाबदारी बँकेची असते, हेही त्याच परिपत्रकात आहे आणि ते मला कोणत्याही खिडकीवर सांगितले गेले नाही. म्हणून आधी १९३० लावा, रडणे नंतर. फोन उचलला जाईपर्यंत दुसऱ्या मोबाइलवरून शासनाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरायला घ्या. ती फाइल आणि संभाषण टिपून घेतल्याशिवाय पुसू नका. व्यवहार क्रमांक कागदावर उतरवून ठेवा.

परराज्यातील एका खात्यात ६,२०० रुपये गोठवलेले आहेत. ते परत मिळवण्यासाठी २०२५ मध्ये न्यायालयाचा आदेश लागत होता, म्हणजे पुन्हा वकील आणि पुन्हा बुडालेले रोजगार.

आईची ई-केवायसी पुढच्या आठवड्यात एजन्सीतच अंगठा लावून झाली. तिला एक रुपयाही लागला नाही. तो कधीच लागत नाही. तिथेच मी विचारले की आमची माहिती बाहेर गेली कशी, तर ‘आमच्याकडून गेलेली नाही’ असे उत्तर आले आणि पुढच्या ग्राहकाला हाक मारली गेली. त्या भामट्याच्या यादीत माझ्या आईचे नाव होते, म्हणजे त्याच एजन्सीच्या आणखी कितीतरी बायकांची नावे असणार. सर्व ग्राहकांना सावध करणारी सूचना दारावर लावावी, असा लेखी अर्ज मी दिला आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे. दारावर मात्र अजून कागदाचा कपटाही लागलेला नाही.