शिमग्याचा मुक्काम : झाडीपट्टीतून गुहागरला गेलेल्या अकरा जणांचा अनुभव

मार्च 2025 मध्ये आमच्या गावातील अकरा माणसे कोकणातला शिमगा पाहून आली. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात, म्हणजे पूर्व विदर्भातील ऐन झाडीपट्टीत असल्यामुळे समुद्र हा आमच्यातील आठ जणांनी केवळ शाळेच्या पुस्तकात पाहिलेला होता. नागपूरच्या एका सहल-संयोजकाने रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, एका वाडीतील घरगुती निवासात तीन रात्रींचा मुक्काम, दोन्ही वेळचे जेवण आणि चिपळूण स्थानकापासून ने-आण यांसाठी माणशी 6,800 रुपये घेतले. रेल्वेचे भाडे वेगळे होते. संयोजकाचे नाव येथे देत नाही, कारण त्याच्याविषयीच्या माझ्या तक्रारी निष्काळजीपणाच्या आहेत, फसवणुकीच्या नाहीत. निवासाचे नाव देत नाही, कारण त्या घरात चारच खोल्या आहेत आणि शिमग्यात त्यांतील दोन मुंबईहून येणाऱ्या त्यांच्याच भावकीला लागतात.

पहिली तक्रार वेळापत्रकाची. संयोजकाने आम्हाला छापील कागद दिला होता आणि त्यावर ‘13 मार्च, रात्री 8 वाजता होलिकादहन’, ‘15 मार्च, सायंकाळी 5 ते 6 पालखीदर्शन’ असे स्पष्ट लिहिले होते. आता 13 मार्चच्या रात्री साडेअकराच्या सुमारापर्यंत भद्रा, म्हणजे पंचांगातला अशुभ काळ, होती, हे भिंतीवरच्या कोणत्याही दिनदर्शिकेत दिसत होते. भद्रेत होळी पेटवत नाहीत, हे आमच्या गावातील पोराबाळांनाही ठाऊक असते आणि आमच्या गावातही त्या रात्री होळी उशिराच पेटली. कोकणात तर पौर्णिमेच्या शिमग्याला ‘भद्रेचा शिमगा’ असेच नाव आहे, तर काही गावे त्रयोदशीला होम करतात, त्याला ‘तेरसा शिमगा’ म्हणतात. ज्या उत्सवाच्या नावातच भद्रा आहे, त्याची वेळ आठ वाजताची छापणाऱ्या माणसाने पंचांगही पाहिले नव्हते आणि गावात फोनही केला नव्हता, एवढाच निष्कर्ष निघतो. आमच्यासोबत नागपूर शहरातील एक कुटुंब होते. ते आठ वाजल्यापासून कपडे करून तयार बसले, दहाला चिडले आणि अकराला झोपी गेले. होम पेटला तो मध्यरात्र उलटून गेल्यावर.

आम्हा झाडीपट्टीच्या लोकांना मात्र या उशिराचे फारसे काही वाटले नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर होळीपर्यंत मंडईच्या म्हणजे जत्रेच्या आणि शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने गावोगाव नाटके होतात, वडशाच्या नाट्यमंडळ्या रोज नव्या गावी मुक्काम करतात, आणि रात्री दहाचे नाटक अकराला सुरू होऊन पहाटे सुटते. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना आमच्या रंगभूमीचे नवल वाटले. आम्हाला ती शेतातल्या थंडीत घोंगडी पांघरून पाहण्याची सवय आहे. त्यामुळे जागरणासाठी लागणारी तयारी आमच्या अंगात आधीपासूनच होती. घरमालकांनी पहिल्याच रात्री माझ्याजवळ येऊन सांगितले, “गुरुजी, कागदावरची वेळ सोडून द्या. पालखी घरं घेत घेत येते, तिला घाई करता येत नाही. तुम्ही निवांत झोपा, ढोल जवळ आला की मी उठवतो.” तीन दिवसांत आम्हाला मिळालेली सर्वांत कामाची माहिती हीच होती आणि ती कागदावर नव्हती.

शिमगा म्हणजे केवळ एका रात्रीची होळी नव्हे, हे जाण्यापूर्वी कोणीतरी सांगायला हवे होते. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून त्याचा आरंभ होतो. ग्रामदेवतेची चांदीची रुपे, म्हणजे मुखवटे, पालखीत लावतात, पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे गावातील तिच्या चौथऱ्यावर, येते आणि होमानंतर पुढे कितीतरी दिवस वाडीवाडीतून, घराघरांतून फिरते. आम्ही पाहिलेल्या गावात ‘होळी’ हा शब्द उभ्या केलेल्या झाडासाठी वापरतात आणि भोवती रचून जाळतात तो ‘होम’. ते उंच झाड खांद्यावर घेऊन तरुण मंडळी आरोळ्या ठोकत धावत येतात आणि खड्ड्यात उभे करतात, तेव्हा पाहणाऱ्याच्याही हाताला आपोआप जोर चढतो. आमच्याकडची होळी याहून पुष्कळ शांत असते. शेणाच्या चाकोल्यांच्या म्हणजे छोट्या गोवऱ्यांच्या माळा, एरंडाची फांदी, लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या आणि दुसऱ्या दिवशी पळसाच्या फुलांचा रंग, एवढ्यात ती आटोपते. आम्ही घरमालकांच्या मुलांसाठी गाठ्या नेल्या होत्या. त्यांच्या धाकट्या मुलीने गाठी गळ्यात घालून विचारले, “पाडवा तर अजून पंधरा दिवसांनी आहे ना?” गाठी होळीची असते हे तिला नवीन होते आणि ती पाडव्याची असते हे आमच्यातील दोघींना नवीन होते.

पालखी आमच्या निवासावर आली ती तिसऱ्या रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी. या एका तासासाठी मी संपूर्ण सहलीचे पैसे वसूल झाले असे मानतो, म्हणून तो थोडा सविस्तर लिहितो. घरापुढच्या अंगणाला तिकडे खळे म्हणतात. ते संध्याकाळीच शेणाने सारवले होते, त्यावर रांगोळी होती आणि मधोमध एक पाट ठेवला होता. घरातील आजी, वय ऐंशीच्या पुढचे, रात्रभर खुर्चीवर टेकून जाग्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर नारळ, तांदूळ आणि खण असलेले ओटीचे ताट होते. आधी दूरच्या वळणावर ढोल ऐकू आला, मग बराच वेळ काहीच नाही, कारण पालखी शेजारच्या घरी थांबली होती. त्यानंतर ती अनवाणी पायांनी धावत आलेल्या माणसांच्या खांद्यावरून एकदम खळ्यात शिरली. पालखी नाचवणे म्हणजे काय, ते चित्रफितीत कळत नाही. चार माणसे ती खांद्यावर घेऊन ढोलाच्या ठेक्यावर वळतात, बसतात, उसळतात. खांदा बदलताना क्षणभर ती अधांतरी असल्यासारखी वाटते आणि रुपे मात्र हलतानाही स्थिर दिसतात. आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे एक भाऊ सोबत होते, ते ढोलवाल्यांच्या हाताकडे एकटक पाहत राहिले आणि शेवटी एवढेच म्हणाले, “बापा, हा ठेका तं आपल्या दंडारीच्या घरचाच हाये.” दंडार म्हणजे आमच्याकडचे नाचगाण्याचे लोकनाट्य.

पालखी पाटावर बसल्यावर आजींनी ओटी भरली. आमच्यातील बायका मागे उभ्या होत्या. आपण परक्या, आपण ओटी भरावी की नाही, या संकोचात. आजींनी मान न वळवता हाताने खूण करून त्यांना पुढे बोलावले आणि म्हणाल्या, “या गं, माहेरवाशिणीच तुम्ही.” नंतर मानकऱ्यांनी गाऱ्हाणे घातले. घरातील कोणाची नोकरी, कोणाचे लग्न, कोणाचे दुखणे, एकेक विषय देवापुढे मांडला जात होता आणि प्रत्येक वाक्याला सर्वजण “व्हय म्हाराजा” म्हणत होते. त्यात अचानक “नागपूर-चांद्याकडून एवढ्या लांबून ही लेकरं आली आहेत, त्यांना सुखरूप घरी पोचव” असे शब्द आले. माझे वय एकसष्ट आहे. लेकरू म्हणवून घेऊन बरीच वर्षे झाली होती.

याच्या अगदी उलट अनुभव आदल्या दिवशी संध्याकाळी आला होता. पालखी वेळेवर येणार नाही हे लक्षात आल्यावर संयोजकाच्या माणसाने नागपूरकर कुटुंबाची समजूत काढण्यासाठी जवळच्या एका विश्रामस्थानाच्या हिरवळीवर वीस मिनिटांचा ‘संकासुराचा खेळ’ ठरवला. संकासूर हे शिमग्यातले एक सोंग. काळा पोशाख, तोंडावर काळा मुखवटा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा असा तो संकासूर देखणाच होता आणि नाचणाऱ्याच्या अंगात कसबही होते. पण त्याला दोन वेळा थांबवून छायाचित्रांसाठी उभे केले, एकदा नाच पुन्हा करायला लावला आणि मागे मृदंगाऐवजी ध्वनिक्षेपकावर मुद्रित वाजप लावले होते. कलावंताचा यात दोष नाही, त्याला बिदागी मिळाली असेल तर चांगलेच झाले. परंतु तोच संकासूर रात्री दोन वाजता गल्लीतून धावत येतो, लहान मुले किंचाळत आजीच्या पदरामागे लपतात आणि मोठी माणसे हसतात, तेव्हा तो कोण आहे हे कळते. संयोजकांनी हा भाग योजनेतून काढून टाकावा आणि त्याऐवजी जवळच्या एखाद्या गावात नमन, म्हणजे कोकणातले लोकनाट्य, असेल तर तेथे न्यावे.

नमन आम्ही दुसऱ्या रात्री स्वतःच शोधून पाहिले. मालकांच्या पुतण्याने टेम्पोतून नेले. गण, गवळण, मग कृष्ण, पेंद्या आणि मावशीची थट्टा, आणि उत्तररात्री वग, असा त्याचा क्रम. मावशीचे काम करणारा माणूस दिवसा रिक्षा चालवतो असे कळले. संवादातील निम्मी कोटी बोलीच्या फरकामुळे आमच्या हातून निसटली, तरीही आमच्या मंडळींनी जागा सोडली नाही. आपल्याकडील नाटकाला आता लेखी संहिता, नटी, रंगमंचाची सजावट आली आहे. नमनात देवासमोरचा खेळ अजून कायम आहे. कोणते श्रेष्ठ, या वादात परतीच्या गाडीत आमचे दोन गट पडले आणि तो वाद अजून गावच्या पारावर चालू आहे. शिमगा गेला तरी कवित्व उरते, ते असे.

जेवणाबद्दल तक्रारीला जागा नाही. झाडीपट्टी काय नि कोकण काय, दोन्ही भाताचे मुलूख, त्यामुळे ज्वारीच्या भाकरीची आठवण काढणारे आमच्यात कोणी नव्हते. आम्ही सोबत दहा किलो एचएमटी तांदूळ भेट म्हणून नेला होता. हे वाण नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या छोट्याशा शेतात निवडून तयार केले आणि त्या काळच्या घड्याळाचे नाव त्याला दिले, ही हकीकत सांगितल्यावर मालकांनी त्याच दिवशी तो शिजवायला घेतला. बदल्यात आम्हाला ओल्या काजूगरांची उसळ, कोवळ्या फणसाची म्हणजे कुयरीची भाजी, घावने, कुळथाची पिठी आणि सोलकढी मिळाली. कुयरी चिरताना विळीला आणि हातांना खोबरेल लावावे लागते, नाही तर चीक सुटत नाही. ते काम शिकण्यात माझ्या पत्नीची एक सकाळ गेली. तिखट मात्र आमच्या जिभेला अपुरे पडले. दुसऱ्या जेवणापासून भिवापुरी मिरचीची पुडी पंगतीत फिरू लागली, आणि मालकांनी ती चाखून पाहिल्यावर बराच वेळ ते बोलले नाहीत.

दुसरी मोठी तक्रार पाण्याची. कागदावर ‘24 तास पाणी’ लिहिले होते. प्रत्यक्षात नळ एक दिवसाआड येत होता आणि आंघोळीला एकच बादली मिळत होती. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी जांभ्या दगडातून आणि उतारावरून तो वाहून जातो आणि मार्चपासून विहिरी तळाला लागतात, हे मालकांनी समजावून सांगितले. आमच्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी पाऊस पडतो, पण कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव अजून उन्हाळ्यापर्यंत तग धरतात. हे बोलताना मला थोडा अभिमान वाटला हे खरे आहे; गावचा तलाव गाळाने भरत चालला आहे, हे मात्र मी त्यांना सांगितले नाही. घरमालकांनी पाण्याबद्दल पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे कल्पना दिली. खोटे छापले ते संयोजकाने.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ होती. खोल्यांत पंखे होते, दमट उकाडा होता, डास होते आणि मच्छरदाण्या मागितल्यावर मिळाल्या. अकरा जणांना दोन खोल्या आणि पडवी हे प्रमाण कमी पडते. पडवीत झोपलेल्या चौघांना पहाटे समुद्राचा आवाज ऐकू येत होता, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही, पण ज्येष्ठ मंडळींनी खाटेची खात्री आधी करून घ्यावी. चिपळूणहून आणणारे वाहन दीड तास उशिरा आले आणि त्याबद्दल कोणी फोनही केला नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदाच धावणाऱ्या मडगाव गाडीने येणाऱ्या, नागपूरपासून हजारेक किलोमीटरचा प्रवास करून उतरलेल्या म्हाताऱ्या माणसांना फलाटावर असे बसवणे योग्य नव्हे.

पुढच्या खेपेस आम्ही संयोजकाला वगळून थेट त्या घराशी बोलणार आहोत. मालकांनी माणशी, दिवसाचा दर जेवणासह सांगितला आहे आणि तो पुष्कळ कमी पडतो. होमाच्या रात्रीऐवजी त्यानंतरचे चार-पाच दिवस निवडावेत, कारण पालखी त्या वाडीत कोणत्या रात्री आहे हे गावात तोपर्यंत ठरलेले असते. मिरची आपली आपण न्यावी, परतीचे आरक्षण मुंबईकर चाकरमान्यांच्या आधी करून ठेवावे, आणि पायांत सहज काढता येईल अशी चप्पल घालावी, कारण ढोल ऐकू आल्यावर बुटाची नाडी सोडत बसायला वेळ नसतो. मालक दिवाळीनंतर आमच्या गावी नाटक पाहायला येणार आहेत. नाटक किती वाजता सुरू होते, असे त्यांनी विचारले नाही. रात्रीच्या थंडीला घोंगडी पुरते की रजई आणू, एवढेच विचारले.