पंधरा महिने वापरल्यानंतर : अपडेट आले आणि घुमट मागे पडले

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील माझ्या घराच्या एका खोलीत मी भजने, नाट्यपदे आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) घुमट आरत्या, म्हणजे मातीच्या मडक्यावर कातडे ताणलेल्या घुमटाच्या तालावर गायच्या आरत्या, ध्वनिमुद्रित करतो. त्यासाठी गेल्या वर्षी जूनमध्ये एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी भरली आणि यंदा तिचे नूतनीकरणही केले. कंपनीचे नाव देत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

पहिले काही महिने तक्रारीला जागा नव्हती. 44.1 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची 44,100 मोजमापे (सँपल) घेताना, बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 128 सँपलचा ठेवला, तर त्याचा विलंब तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो, त्यामुळे कानाला हेडफोन लावून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा येतोय असे कधी वाटले नाही. एकाच पदाचे चार-पाच टेक घेऊन त्यांतल्या चांगल्या ओळी जोडण्याची सोय तर इतकी सुटसुटीत आहे, की केवळ तिच्यासाठी मी पुढचे बरेच काही सहन केले.

मग अपडेट येऊ लागले. एकाने प्लगिनची (सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची) यादी दर वेळी नव्याने तपासण्याची सवय लावली आणि सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा होऊ लागला. दुसऱ्याने ट्रॅकना दिलेली देवनागरी नावे घालवली. 'घुमट', 'शामेळ' (साथीचे तालवाद्य), 'कासाळे' (झांज) यांच्या जागी रिकामे चौकोन दिसू लागले आणि ते दुरुस्त व्हायला दोन महिने गेले. तोवर मी रंगांवरून वाद्ये ओळखत होतो.

खरा घोटाळा यंदा ऑगस्टमध्ये झाला. चवथ तोंडावर आलेली, अकरा आरत्या मिक्सिंगसाठी तयार, आणि एका रात्री अपडेट आपोआप बसले. सोबतच्या टिपणात 'किरकोळ सुधारणा' एवढेच लिहिले होते. दुसऱ्या दिवशी पथकातला घुमटवाला ऐकायला आला आणि पहिल्याच आवर्तनात म्हणाला, "बाब, घुमट फाटीं उरता", म्हणजे मागे पडते. प्रथम मला ते पटले नाही, कारण पडद्यावर सर्व लहरी एका रेषेत होत्या. शेवटी घुमट आणि कासाळे वेगवेगळे निर्यात करून, दोघांचा समेवरचा एकत्र पडलेला ठोका मोठा करून पाहिला, तेव्हा घुमट बरोबर 1024 सँपल, म्हणजे सुमारे 23 मिलिसेकंद, उशिरा वाजत होते. कागदावर हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु जिथे घुमटाची थाप आणि कासाळ्याची टणत्कार एकाच क्षणी पडायची असते, तिथे तो आरतीचा जीव घेतो.

कारण शोधायला आणखी एक दिवस गेला. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आल्यामुळे आता बकरीचे लावतात आणि 2019 मध्ये घुमट राज्याचे वारसा वाद्य जाहीर झाले तेही याच रूपात. पावसाळी हवेत हे कातडे सैल पडते, वादक ते कितीही शेकवून आणोत, ध्वनिमुद्रणात खालचा घुमारा वाढतोच. म्हणून मी घुमटाच्या बसवर, म्हणजे त्याचे सर्व ट्रॅक एकत्र येतात त्या वाहिनीवर, एक लिनिअर फेज इक्वलायझर (आवाजाचे खालचे-वरचे भाग कमी-जास्त करणारे प्लगिन) ठेवतो. असे प्लगिन काम करताना आवाज थोडा अडवून धरते आणि तेवढाच वेळ बाकीचे ट्रॅक थांबवणे हे मुख्य सॉफ्टवेअरचे काम असते. नव्या आवृत्तीने बसवरच्या प्लगिनचा हा विलंब मोजणेच बंद केले होते. इक्वलायझर काढला की ताल जुळे, पण घुमारा परत येई.

जुन्या आवृत्तीकडे वळावे, तर तोही मार्ग बंद. नव्या आवृत्तीने आपोआप जतन करताना प्रकल्पांच्या फाइली नव्या स्वरूपात बदलल्या होत्या, त्या जुनी आवृत्ती उघडत नाही, आणि असा बदल होणार आहे हे कुठेही विचारले गेले नव्हते. चूक कोणाच्याही हातून होते. मात्र परतीची वाट न ठेवता गिऱ्हाइकाला पुढे ढकलणे ही चूक नव्हे, ते धोरण आहे. ग्राहक सेवेने तिसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर पुन्हा स्थापित करायला सांगितले आणि नवव्या दिवशी दोष मान्य केला. दुरुस्ती आली, तेव्हा आमच्या वाड्यावरचे विसर्जनही होऊन गेले होते.

दरम्यान मी प्रत्येक आरतीत घुमटाचे सर्व ट्रॅक हाताने 1024 सँपल अलीकडे ओढून काम भागवले. आता आपोआप अपडेट बंद केले आहेत, चालत्या आवृत्तीचा इन्स्टॉलर आणि प्रकल्पांच्या प्रती वेगळ्या डिस्कवर ठेवतो, आणि श्रावण लागल्यापासून चवथ संपेपर्यंत काहीही नवे बसवायचे नाही असे ठरवले आहे. नवीन घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावे. टेक जोडण्याच्या सोयीसाठी मी हे सॉफ्टवेअर येत्या जूनपर्यंत वापरेन. त्यापुढची वर्गणी भरण्याची आज तरी इच्छा नाही.

दुरुस्ती बसवल्यानंतर आरत्या पुन्हा उघडल्या, तर हाताने अलीकडे ओढलेले घुमट आता कासाळ्यांच्या आधी वाजत होते. अकरांपैकी सात आरत्या परत जागेवर आणल्या आहेत, चार अजून बाकी आहेत.