1812 च्या युद्धाचा झेरॉक्स संच: बँक वाचा, लढाया सोडा

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला एका झेरॉक्सवाल्याकडे ‘अमेरिका 1789 ते 1824’ हा मराठी नोट्सचा संच मिळतो. 64 पानं, स्पायरल, 130 रुपये. यूपीएससीला इतिहास वैकल्पिक घेतलेल्यांत सध्या हाच हातोहात फिरतोय.

बँकेची सात पानं पैसे वसूल. पहिल्या राष्ट्रीय बँकेची सनद 1791 ची, 20 वर्षांची. 1811 मध्ये मुदतवाढीवर सिनेटमध्ये 17-17 अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष क्लिंटन यांच्या मताने बँक गेली. 18 जून 1812 ला अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध जाहीर केलं तेव्हा कर्ज उभारून देणारी राष्ट्रीय बँकच नव्हती. सुमारे 4.5 कोटी डॉलरचं राष्ट्रीय कर्ज युद्धानंतर 12.7 कोटींवर गेलं. 1791 मध्ये बँकेला घटनाबाह्य म्हणणाऱ्या जेम्स मॅडिसन यांनीच राष्ट्राध्यक्ष म्हणून 1816 मध्ये दुसऱ्या बँकेवर सही केली. हा सांधा संचात झकास जुळलाय.

पण 3 मार्च 1817 चा व्हेटो गायब आहे. त्याच बँकेकडून सरकारला मिळणारा पैसा रस्ते-कालव्यांना देणारं विधेयक मॅडिसन यांनी, घटनेत तसा अधिकार नाही म्हणून, परत पाठवलं. हे वगळलं की ‘युद्धाने मॅडिसन केंद्रवादी झाले’ असं सपाट उत्तर उतरतं आणि मार्क तिथेच जातात.

पान 31 तर चक्क दिशाभूल करतं. ऑक्टोबर 1812 मध्ये न्यूयॉर्कच्या मिलिशियातल्या (राज्याच्या नागरी फौजेतल्या) अनेकांनी नायगारा नदी ओलांडून कॅनडातल्या क्वीन्स्टनला जायला नकार दिला, त्याला इथे ‘भित्रेपणा’ म्हटलंय. भीती होतीच, पण आडोसा कायद्याचा होता: घटनेप्रमाणे मिलिशिया बोलवायची ती कायदे राबवायला, बंड मोडायला किंवा आक्रमण परतवायला, कॅनडावर चढाई यात कुठे बसते? मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटच्या गव्हर्नरांनी तर ही वेळ आलीय का, हे आम्हीच ठरवणार म्हणत माणसं द्यायचं नाकारलं. ‘ते राष्ट्राध्यक्षच ठरवणार’ हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1827 मध्ये दिला. समासात लिहून ठेवा.

पेन्सिल हातात आहे तोवर आणखी दोन दुरुस्त्या. न्यू ऑर्लिन्सच्या अमेरिकी विजयामुळे तह झाला, हे चूक: युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहावर 24 डिसेंबर 1814 लाच सह्या झाल्या, लढाई 8 जानेवारी 1815 ची. युद्धविरोधी न्यू इंग्लंड राज्यांच्या हार्टफर्ड परिषदेने देशातून फुटून निघायचा ठराव केला, हेही चूक. तिने घटनादुरुस्त्या मागितल्या, त्यातली एक म्हणजे युद्ध जाहीर करायला दोन-तृतीयांश बहुमत.

नकाशाची तर झेरॉक्सची झेरॉक्स झालीय. ईरी सरोवर म्हणजे नुसता काळा डाग. लढायांची शेवटची 18 पानं तारखांची जंत्री आहे. दुकानदार सुटी पानं काढून देतो, तेव्हा 9 ते 15 आणि 28 ते 40 एवढीच मागा.