क्रॉस मारताना वजन कुठून आणायचं: टाच फिरवून की पाऊल टाकून?

बॉक्सिंगमध्ये जॅब-क्रॉस (पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मग मागच्या हाताचा) येतो, गार्डही (तोंड झाकणारे हात) बसलाय, पण बॅग नुसती झुलते, दणका बसत नाही. या टप्प्यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, मागची टाच फिरव. दुसरा म्हणतो, पाऊल टाकून अंग झोकून दे. दोन्ही खरे आहेत, पण एकदम शिकायला गेलं तर एकही धड बसत नाही.

टाच फिरवताना सुरुवातीला वजन मागच्या पायावर थोडं जास्त असतं. चवड्याने जमीन रेटायची, टाच बाहेर वळते, मग कंबर, मग खांदा, मूठ सगळ्यात शेवटी. पुढचा गुडघा किंचित वाकलेला, पण घट्ट. तो ढिला पडला तर वळण मुठीत न उतरता अंग नुसतं पुढे वाहतं. शेवटी साधारण ६० टक्के भार पुढच्या पायावर आणि नाक पुढच्या गुडघ्याच्या अलीकडेच. यात चूक एकच होते: पंच लागून गेल्यावर टाच फिरते. मॅट बुटाला धरत असेल, तर आधी टाच उचलून मगच फिरवा, नाहीतर पीळ गुडघ्यात जातो.

पाऊल टाकून मारताना पुढचा पाय वीतभर पुढे जातो आणि तो टेकायच्या किंचित आधी मूठ लागायला हवी. पाय आधी टेकला, तर वजन जमिनीत गेलं. जॅक डेम्प्सी (हेवीवेट विजेता, १९१९ ते १९२६) या झोक्याचा खंदा पुरस्कर्ता. नेमकं जमलं तर पंच जडही लागतो आणि लांबही पोचतो.

पण माझ्या मते निकाल लागतो तो पंच हुकल्यावर. बॅगवर हे कळतच नाही, कारण बॅगच तुम्हाला अडवते. पॅड धरणाराही हात पुढे आणून पंच झेलतो. स्पारिंगमध्ये (जोडीदाराशी सरावाच्या लढतीत) समोरचा अर्धं पाऊल मागे सरला की झोकलेलं अंग पुढेच जात राहतं. डोकं गुडघ्यापुढे, सगळं वजन पुढच्या पायावर दाबलेलं. डावा हुक (पुढच्या हाताने बाजूने मारलेला ठोसा) याच पायाला रेटून निघतो, पण आता तो पाय तुम्हाला पडू न देण्यातच गुंतलेला. आधी सावरायचं, मग मारायचं. तेवढ्यात खालून अपरकट येतो. टाच फिरवून मारलेला क्रॉस हुकला, तरी वाकलेला गुडघा हुकसाठी तयारच असतो.

सातारा-सांगलीकडे हा मुद्दा जास्तच लागू पडतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा हा मुलूख. तालमीतून बॉक्सिंगकडे वळलेल्या पोरांच्या अंगात पट काढायला (समोरच्याचे पाय धरून पाडायला) झेपावण्याची सवय भिनलेली असते. त्यांना पाऊल टाकणं लगेच जमतं, आणि डोकंही तितक्याच लगेच पुढे जातं. ज्यांना ही सवय नाही, त्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

तपासायचं असेल तर क्रॉस मारून तसेच थांबा आणि जोडीदाराला ग्लोव्ह हलकेच पुढे ओढायला सांगा. पाय उचलावा लागला, तर वजन जास्त गेलंय. माझा कल आधी टाचेकडे. तीन-चार आठवडे जागेवरून मारा, पाऊल नंतर जोडा. प्रतिस्पर्धी उंच असेल तर पाऊल लागणारच. तेव्हा पुढचा पाय जितका गेला, तितकाच मागचा लगेच ओढून घ्या. पाय फाकले की कंबर फिरत नाही.