काचेवर वाफ धरली: एसी, हीटर, स्प्रे की फडकं?

जुलैत भर पावसात घोडबंदर रोडवर एका हाताने स्टेअरिंग सांभाळत दुसऱ्या हाताने काच पुसणारे हटकून दिसतात. फडकं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निकामी उपाय. पुसलेल्या जागी रेघा उमटतात, रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड त्यांवर फाकतो, आणि मिनिटाभरात काच पुन्हा पांढरी. गाडी उभी असताना एकदा पुसायला ठीक आहे, चालवताना नको.

पर्याय निवडण्याआधी काचेला आतून बोट लावून बघा. रेघ उमटली तर वाफ आत आहे, नाही तर बाहेर. दोन्हींचे उपाय जवळजवळ उलटे आहेत आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते.

आतली वाफ म्हणजे चार माणसांचे श्वास, ओल्या छत्र्या आणि पायाखालची भिजलेली मॅट. त्यावर एसीसारखा उपाय नाही. एसी हवा थंड करतो तशी कोरडीही करतो. गाडीखाली टपटपणारं पाणी हे हवेतून काढलेलंच पाणी असतं. मात्र गाडीच्या चित्रात वळलेला बाण असतो ते बटण बंद करा, नाहीतर आतलीच दमट हवा फिरत राहते. हवेचा झोत पुढच्या काचेवर घ्या, एक-दोन मिनिटांत समोरचं दिसायला लागतं. ‘एसी पेट्रोल खातो’ हे खरं आहे, पण ही काटकसर ऐरोली पुलावर मुसळधार पावसात करायची नाही.

खिडकी खाली घेणं फुकट आणि रिमझिमीत पुरेसं. जोराचा पाऊस आला की मात्र बाही भिजते आणि दारावरच्या स्विचांवर पाणी जातं. एसी बिघडलेल्या गाडीत तेवढाच आधार.

नुसत्या हीटरनेही काच तापून साफ होते, पण ठाण्याच्या उकाड्यात दहा मिनिटं बसून दाखवा! त्यापेक्षा एसी चालू ठेवून तापमानाचा नॉब थोडा गरमकडे सरकवावा. हवा कोरडी राहते आणि काच गार पडत नाही. माझं मत विचाराल तर या दिवसांत हाच पहिला पर्याय.

काच गार पडण्याचा मुद्दा बाहेरच्या वाफेत कळतो. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसी १८ वर ठेवून झोत काचेवर सोडला की काच त्याखाली जाते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर पाणी धरते. पाऊस थांबलेल्या रात्री पाम बीच रोडवर हे हमखास होतं. अशा वेळी एसी वाढवणारा माणूस संकट ओढवून घेतो. वायपर एकदा फिरवा, तापमान २५-२६ वर आणा, झोत पायाकडे वळवा.

अँटी-फॉग स्प्रे दुय्यम, पण कामाचा. त्याच्या थरामुळे पाण्याचे बारीक थेंब न होता पातळ पापुद्रा पसरतो, म्हणून आरपार दिसतं. तो आतून लावायचा. पाणी घरंगळवणारा रेन रिपेलंट बाहेरून. शेव्हिंग फोमही स्प्रेचंच काम करतो, फक्त नीट पुसला नाही तर रात्री चट्टे चमकतात. त्याआधी काच स्वच्छ हवी, कारण आतल्या तेलकट थरावर वाफ लवकर धरते. तंबाखू किंवा बटाटा चोळण्याचा उपाय बाहेरून पावसाच्या पाण्यासाठी आहे, आतल्या वाफेशी त्याचा संबंध नाही.

बर्फ ठाण्यात पडत नाही, पण गाडी घेऊन मनालीला निघालात तर गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकू शकते. प्लॅस्टिकचा स्क्रेपर आणि डिफ्रॉस्ट, म्हणजे काचेवर सोडलेला गरम हवेचा झोत, पुरतात. माळशेजच्या धुक्यापुढे मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे लो बीम आणि कमी वेग.

नवी गाडी घेणाऱ्यांनी मागच्या काचेचा विचार वेगळा करावा. पुढचा झोत तिथपर्यंत नीट पोचत नाही, त्यातून मागे तिघं बसले की ती काच सगळ्यात आधी वाफ धरते. डिफॉगर, म्हणजे ती काच तापवणाऱ्या बारीक तांबूस रेघा, अनेक गाड्यांत वरच्या व्हेरिएंटलाच मिळतो. रिव्हर्स कॅमेरा आहे म्हणून तो सोडू नका. ठाणे-बेलापूर रोडवर लेन बदलताना कॅमेरा नाही, आरसा लागतो. अलॉय व्हील्सवर पैसे घालवण्यापेक्षा मी डिफॉगर घेईन. आणि जुनी सनफिल्म काढायला देताना कारागिराला बजावून ठेवा, मागच्या काचेवरच्या त्या तांबूस रेघांवर ब्लेड चालवू नको म्हणून. रेघ तुटली की तेवढा पट्टा तापत नाही.