पाऊसकवितांचं चित्रपुस्तक: कानाला गोड, डोळ्यांना थोडा ताप

हे पुस्तक मोठ्यानं वाचायचं. बहुतेक ओळी आठ-आठ मात्रांच्या (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन) दोन तुकड्यांत पडतात. ‘रिपरिप रिपरिप, छपरावरती’ म्हणून बघा, टाळी आपोआप बसते. मोठ्या पावसाच्या कवितेत मात्र गाडी घसरते. ‘गडगडाट झाला आभाळात मग’ या ओळीच्या भरतात १९ मात्रा, आणि नेमक्या जोरात म्हणायच्या जागी जीभ अडखळते. यमकासाठी ‘मग’ घुसडलाय, दुसरं काय!

चित्रं जलरंगातली. ओल्या कागदावर रंग सोडून पसरू दिल्यामुळे ढगांच्या कडा सुरेख विरघळल्यात. पण गडद निळ्या पानावर काळी अक्षरं कोणी छापली? दिव्याच्या पिवळ्या उजेडात अक्षरांवरचे मात्रा-अनुस्वार दिसतच नाहीत; तिथं पांढरी, जाड अक्षरं हवी होती. बेडकाचं जोडपान उघडलं की त्याचा डोळा घडीत गायब.

बांधणी दोन पिनांची. पुस्तक सपाट उघडतं, हा फायदा. तोटा असा की मधलं जोडपान सगळ्यात आधी सुटतं, कारण उघडताना ताण तिथंच येतो. मुखपृष्ठ लॅमिनेटेड आहे, ओल्या फडक्यानं पुसा; आतला कागद मात्र ओल्या बोटांनी लगेच फुगतो.

ऐकायला तीन वर्षांपासून चालेल. स्वतः वाचायला जोडाक्षरं येणारं मूल हवं, कारण ‘पत्र्यावर’, ‘छत्र्या’ असे शब्द पानोपानी आहेत.