तामियाचा टी-५५ए, १:३५ : डबा पैसे वसूल, भारतीय रणगाडा मात्र आपणच घडवायचा

आधी निकाल सांगते. तामिया या जपानी कंपनीचा टी-५५ए रणगाड्याचा हा प्लास्टिक मॉडेल किट घ्या. दोन-चार सोपी मॉडेलं हाताखालून गेली असतील आणि आता नीट रणगाडा करावासा वाटत असेल, तर मी दुसरं नाव सुचवणार नाही. पण डबा उघडून, सूचनापत्रकाप्रमाणे जोडून, हिरवा रंग मारला की आपल्या सैन्यातला टी-५५ तयार होईल असं वाटत असेल, तर थोडं थांबा. त्यासाठी एक भोक पाडावं लागतं, एक मशीनगन बाजूला ठेवावी लागते आणि नळीवर एक खोटं कडं चढवावं लागतं. या किटची खरी मजा मला त्या कड्यातच आली.

मी धंतोलीतल्या एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करते. दिवसभर कॅप आणि ब्रिज. त्यामुळे पुढे हत्यारं दाताची येतील, त्याला इलाज नाही. रणगाड्याचं वेड मामांकडून आलं. ते टी-५५ चालवायचे. नगरला ट्रेनिंग, नंतर झाशीजवळचं बबिना. आता मानेवाड्याला असतात, आणि माझं प्रत्येक मॉडेल त्यांच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय कपाटात जात नाही.

किट २००२चा आहे. साचा जुना असला तरी भाग जिथे बसायला हवा तिथेच बसतो, आणि सांध्यासाठी पुट्टी लागलीच नाही म्हटलं तरी चालेल. मूळ रणगाड्याचा सांगाडा ६.४५ मीटर लांब, नळी धरून ९ मीटर. पस्तिसाने भागलं की मॉडेल जेमतेम २६ सेंटीमीटर भरतं, म्हणजे पुस्तकांच्या कप्प्यात आडवं मावतं. या १:३५ मापामागे काही मोठं शास्त्र असेल असं मला आधी वाटायचं. तसं काही नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने मोटारवर चालणारा जर्मन पँथर काढला, त्याच्या पोटात दोन बॅटऱ्या आणि मोटार मावेल असं माप धरलं, आणि ते निघालं साधारण १:३५. पुढे सगळ्या जगाने तेच उचललं.

टी-५५ ओळखायची खूण मामांनी शिकवली: “पहिलं चाक बघ. त्याच्या अन् दुसऱ्याच्या मधात जागा जास्त आहे का? मग झालं.” एका बाजूला पाच चाकं, चाकांभोवती फिरणारा साखळीसारखा पट्टा वरून उचलून धरायला वेगळे रोलर नाहीत. म्हणून पट्टा वरच्या बाजूने चाकांच्या डोक्यावर लोळतो, आणि तिथेच हा रणगाडा खरा दिसतो किंवा खेळण्यातला दिसतो. किटमध्ये पट्टे एकसंध, लवचिक आहेत. जोडायला सोपे, पण एकसंध पट्टा ताणलेला राहणार हा त्या प्रकाराचा स्वभावच. मामांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, “इतका ताणला तं पहिल्याच वळणावर तुटून जाईन.” उपाय स्वस्त आहे. पट्टा चढवल्यावर प्रत्येक चाकाच्या माथ्यावर फेविक्विकचा बारीक थेंब, वरून आइस्क्रीमची काडी दाबून धरायची. दोन चाकांच्या मधे पट्टा किंचित खाली ओढायचा. एकेक कडी जोडायचे सुटे पट्टे वेगळे विकत मिळतात, त्यांची किंमत पाहून मी पान बंद केलं.

घुमट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, ओतीव पोलादाचा, आणि ओतीव पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन रणगाड्याच्या घुमटावर हात फिरवून बघा, म्हणजे कळेल. प्लास्टिकवर तो खडबडीतपणा वाढवायचा तर पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या गोंदाचा, हात द्यायचा, पृष्ठभाग मऊ झाला की जुन्या, केस झडलेल्या ब्रशने टोचत राहायचं, आणि वाळल्यावर ८००च्या वॉटर पेपरने फक्त टोकं मारायची. छताला हात लावू नका. टी-५५चं छत सपाट पत्र्याच्या दोन तुकड्यांचं, वेल्डिंग करून बसवलेलं. ते गुळगुळीतच हवं. वेल्डची रेघ मी पुट्टीची बारीक वळी ठेवून प्रोबने दाबत दाबत ठळक केली. प्रोब म्हणजे डॉक्टर दाताला टोचतात ती आकडी. निकामी झालेल्या दोन-तीन आकड्या ओळखीच्या दवाखान्यातून मागून घ्या, सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आता ते कडं.

१९७१च्या युद्धात पाकिस्तानकडे चिनी टाइप ५९ होते. टाइप ५९ म्हणजे रशियन टी-५४एची चिनी आवृत्ती. आपल्याकडे टी-५४ आणि टी-५५. म्हणजे जम्मूतल्या छंबसारख्या आघाडीवर दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच चेहऱ्याची गाडी. धुरळा उडालेला, दुर्बिणीत दिसतोय तो गोल घुमट आपला की त्यांचा, हे ठरवायला वेळ किती मिळणार? यावर आपल्या लोकांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. नळीच्या मधोमध एक खोटा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर चढवला. खरा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे गोळा सुटल्यावर नळीतला धूर बाहेर ओढणारा जाड भाग, टी-५५च्या नळीला अगदी तोंडाशी असतो. आपल्याच विजयंता रणगाड्याच्या १०५ मिमी नळीला तो अलीकडे, मधल्या भागात असतो. तोंडाशी एक आणि मधे एक, असे दोन फुगवटे दिसले की गाडी आपली. मधला नुसता दिखाऊ, धुराशी त्याचा काही संबंध नाही.

डब्यात हे कडं अर्थातच नाही. मी ते कोल्ड क्युअर ॲक्रिलिकचं केलं, ज्याने आम्ही कवळ्या दुरुस्त करतो. नळीच्या जाडीची एक सळई घेतली, तिला व्हॅसलीन चोळलं, पावडर-लिक्विड कालवून गोळा कणकेइतका घट्ट झाल्यावर सळईभोवती लाटला, कडक झाल्यावर बरने, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलच्या टोकाने, तासून दंडगोल केला आणि काढून नळीवर सरकवला. लॅबमधल्या कोणी हे वाचत असेल तर लक्षात ठेवा: ॲक्रिलिक ओलं असताना मॉडेलच्या नळीवर लावू नका, त्यातलं लिक्विड पॉलिस्टायरीन विरघळवतं. ज्यांना लॅब नाही त्यांनी एम-सील घ्यावं, काम तितकंच छान होतं. लांबी-जाडी मी १९७१च्या फोटोंवरून डोळ्याने ठरवली. नळीचं तोंड खोल कोरायचं विसरू नका. १०० मिमीची तोफ म्हणजे या मापात २.८६ मिमी, तीनला थोडं कमी. गोल बर त्यासाठी अगदी योग्य.

दुसरा फरक भोकाचा. डब्यातली गाडी टी-५५ए, म्हणजे किरणोत्सर्गापासून बचावाचं अस्तर दिलेली सुधारित गाडी, आणि त्या सुधारणेत पुढची मशीनगन काढून टाकली. मूळ टी-५५ला पुढच्या उतरत्या पत्र्यात मधोमध तिच्यासाठी लहानसं भोक असतं. ते पाडलं. घुमटावरच्या झाकणांभोवतीचं अस्तरसुद्धा काटेकोर लोक तासतील. मी तासलं नाही, आणि मामांनाही ते दिसलं नाही, निदान तसं ते म्हणाले नाहीत. छतावरची विमानविरोधी मशीनगन मात्र काढली, कारण १९५८चा मूळ टी-५५ तिच्याशिवायच बनत होता, ती नंतर परत आली. रूप लगेच बदलतं. मशीनगन नसलेला टी-५५ बुटका आणि जास्त रागीट दिसतो.

रंगाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण परदेशी व्हिडिओ बघून शिकलेलं नागपुरात जसंच्या तसं चालत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५च्या घरात गेला की ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो. जो थेंब मॉडेलवर पोचतो तोही हवेतच अर्धा कोरडा झालेला, मग पृष्ठभाग खरखरीत. लोक दाब वाढवतात, त्याने आणखी बिघडतं. पहाटे सहाच्या आत फवारा, थिनर नेहमीपेक्षा जास्त, रंग उशिरा वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब, आणि दर थोड्या वेळाने सुईचं टोक ओल्या ब्रशने पुसायचं. कूलर बंद. कूलरसमोर रंगवलेलं मॉडेल म्हणजे धूळ आणि दमट हवा दोन्हींना आमंत्रण. जुलै-ऑगस्टमध्ये उलटी गत होते: लॅकर मारलं की पांढरट साय धरते, तेव्हा लॅकरचं काम पाऊस उघडीप देईल त्या दिवसावर ढकलावं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा नागपूरचा खरा मॉडेलिंगचा हंगाम. डबा कधीही घ्या, रंग दिवाळीनंतर.

हिरव्यासाठी मी तामियाचाच एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीन धरला, त्यात थोडा एक्सएफ-६० डार्क यलो. पण संपूर्ण रणगाडा एकाच हिरव्याने रंगवू नका. दाताचं काम करताना हे अंगात मुरतं: एका दातालासुद्धा एक रंग नसतो, हिरडीपाशी पिवळट, मधे भरीव, कडेला आरपार, आणि तो एका थराने येत नाही. रणगाड्याचंही तेच. खाली चाकांपाशी गडद, वरच्या सपाट भागांवर उन्हाने विटलेला फिका, मधे मूळ रंग. तीन पातळ थर एकमेकांत विरघळू द्यायचे. त्यावर तपकिरी ऑइल वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला ऑइल रंग, फक्त सांध्यांत आणि बोल्टांभोवती. काजळी कुठे? टी-५५चा एक्झॉस्ट डाव्या फेंडरवर मागच्या बाजूला उघडतो, म्हणून काळं तिथेच. दोन्ही बाजूंना सारखं काळं केलेलं मॉडेल पाहिलं की समजायचं, करणाऱ्याने फोटो पाहिलेला नाही. तोफेच्या उजव्या अंगाला जो मोठा दिवा आहे तो इन्फ्रारेड सर्चलाइट. त्याची काच पांढरी चकचकीत ठेवू नका, काळपट तांबडी करा.

कटरने खरवडून रंग उडवायची हल्ली फॅशन आहे. मला ती पटत नाही. सैन्यात गाडीला रंग लावणारे हात कमी नसतात. “गंज दिसला तं आमचीच सुट्टी गेली असती,” हे मामांचं मत. फेंडरच्या कडा, झाकणांच्या कडा, चढायची जागा, एवढ्याच ठिकाणी स्पंजने हलकं टिपलं.

धुळीसाठी अंगणातली माती चाळून वापरावी असं बरेच जण सांगतात. आपली विदर्भाची काळी माती इथे चालणार नाही, छंबच्या रणगाड्यावर ती उपरी दिसेल. मी डेंटल स्टोन वापरला, ज्याचे आम्ही दातांचे साचे ओततो. त्याची पावडर पिवळसर, अतिशय बारीक. तीत खडूचा तपकिरी भुगा मिसळून कोरड्या ब्रशने फेंडरवर टाकली, वरून थिनरचे थेंब सोडले. खालच्या भागात थोडं पाणी घालून लावलं, तर चिखल म्हणून आपोआप घट्ट झाली. पिगमेंटची महाग बाटली वाचली.

नंबर प्लेटसाठी डिकल, म्हणजे छापील चिकटचित्रं, शोधत बसले नाही. सैन्याच्या नंबरातला वर टोक असलेला बाण आणि आकडे तीन शून्याच्या ब्रशने हाताने काढले. श्वास रोखायची सवय असेल तर जमतं.

किंमत. कुरिअर धरून मला चार हजारांच्या आसपास पडला. नागपुरात दुकानात मिळेल या आशेवर राहू नका. बर्डीला खेळण्यांच्या दुकानात रणगाडा विचारला की लाइट लागणारा, रिमोटचा समोर येतो, आणि दुकानदार तो काउंटरवर चालवूनही दाखवतो. तेव्हा ऑनलाइन. वॉटर पेपर, थिनर, मास्किंग टेप गांधीबाग-इतवारीत निम्म्या किमतीत मिळतं, ते ऑनलाइन मागवू नका. डब्याबरोबर धातूची नळी, फोटोएच (पातळ पत्र्यात कोरलेल्या) जाळ्या, सुटे पट्टे असलं बरंच काही सुचवलं जाईल. पहिल्या टी-५५साठी यातलं काहीही घेऊ नका. ते पैसे भाग कापायच्या चांगल्या निपरवर आणि दोन बऱ्या ब्रशवर घाला.

शाळकरी मुलासाठी विचारणाऱ्यांना: चौदा-पंधरा वर्षांच्या, हातात धीर असलेल्या मुलाला द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि कटर वापरताना शेजारी बसा. त्याहून लहान असेल तर जीपपासून सुरुवात बरी.

काढून ठेवलेली विमानविरोधी मशीनगन माझ्याकडे स्प्रूवरच, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावरच, शाबूत आहे. नागपुरात कोणी नंतरचा टी-५५ करत असेल आणि त्याची हरवली असेल, तर संध्याकाळी धंतोलीत येऊन घेऊन जा. बदल्यात एक्सएफ-६०ची अर्धी बाटली चालेल, माझी संपली आहे.